स्टँड-अप मीटिंगला खरोखर उभा असलेला एकटाच

पाय चालत नाहीत म्हणून व्यायाम सुटत नाही. उलट तो रोजचा होतो, बिनसुट्टीचा. कंबरेखालचं अंग लुळं पडलेल्या माणसासाठी बाजारात काय काय मिळतं, त्यातलं खरंच काय कामाला येतं आणि हे कळायला आमच्या घराला किती फी भरावी लागली, त्याची ही गोष्ट.

तुमची सकाळ कशी सुरू होते? स्नूझ, पुन्हा स्नूझ, मग कॉफी आणि मग 'आजच्या दिवस जिम राहू दे, उद्या नक्की'. बरोबर? माझीही तशीच होते. कोथरूडला राहणाऱ्या माझ्या मामेभावाला मात्र ही चैन परवडत नाही.

सकाळी सव्वानऊला दादा व्हीलचेअर हॉलच्या कोपऱ्यात नेतो. तिथे एक लोखंडी सांगाडा ठेवलाय. खाली पावलं ठेवायला फळी, गुडघ्यांसमोर दोन जाड पॅड, छातीच्या उंचीवर छोटंसं टेबल आणि मागून कंबरेला आवळायचा रुंद पट्टा. पावलं फळीवर नीट ठेवली की दादा दोन्ही हातांनी बार धरतो, मामा मागून पट्टा ओढून अडकवतात आणि पाच फूट दहा इंचांचा माझा भाऊ अख्खा उभा राहतो. टेबलावर लॅपटॉप. शेजारी चहा. साडेनऊला ऑफिसचा कॉल.

"टीममध्ये चौदा जण आहेत," तो मला म्हणाला. "रोजच्या स्टँड-अप मीटिंगला खरोखर उभा असलेला मी एकटाच."

2019 च्या जुलैत हायवेवर त्याची बाइक घसरली. हेल्मेट होतं, डोकं वाचलं. छातीच्या पाठीमागचा दहावा मणका मात्र तुटला आणि आतला मज्जारज्जू चिरडला. बेंबीच्या खाली ना हालचाल, ना संवेदना. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. मी नुकतीच मास कॉमचा कोर्स संपवून फ्रीलान्सिंगच्या नादाला लागले होते आणि मज्जारज्जू नावाची गोष्ट दहावीनंतर पहिल्यांदाच ऐकत होते.

वर्गणी काढून सायकल

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर प्रत्येक घरात सुरू होतं तेच आमच्याकडेही सुरू झालं. सल्ले. कुणी केरळचं तेल आणलं, कुणी कुठल्याशा मशीनचा व्हिडिओ पाठवला. आम्ही भावंडं तर काय, इंटरनेटवाली पिढी! 2021 मध्ये दादाच्या वाढदिवसाला आम्ही नऊ जणांनी वर्गणी काढली आणि दीड लाखाची मोटारची सायकल घेतली. व्हीलचेअर समोर लावायची, पावलं पेडलवर बांधायची आणि बटण दाबायचं. पाय आपोआप गोल गोल फिरतात. विकणारा म्हणाला, "सहा महिने रेग्युलर करा, फरक दिसेल." फरक म्हणजे नक्की काय, हे आम्ही त्याला विचारलं नाही. दादालाही काही विचारलं नाही. सरप्राइज होतं ना!

पाय फिरताना पाहून मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाय हलतायत म्हणजे आता चालेल ना गं?" तिने मला हळूच विचारलं. मी मान हलवली. आज ते आठवलं की लाज वाटते.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी नंतर समजावलं ते असं. मोटार पाय फिरवते तेव्हा काम मोटार करते, स्नायू नाही. त्यामुळे मांडीत ताकद येत नाही आणि तुटलेला मज्जारज्जू जुळत नाही. मग सायकल फुकट गेली का? तसंही नाही. सांधे मोकळे राहतात आणि पायांना अचानक येणारे झटके काही तासांसाठी कमी होतात. दादा आता रात्री झोपण्याआधी वीस मिनिटं ती लावतो, पाय शांत झाले की झोप बरी लागते म्हणून. मधली दोन वर्षं मात्र त्या सायकलवर मामीचे टॉवेल वाळत होते.

कारण सायकल आली त्याच वर्षी, तीन महिन्यांनी, दादाच्या बैठकीवर जखम झाली.

आधी बसायला शिका

गंमत बघा. दीड लाखाची सायकल घेणाऱ्या आम्हा नऊ हुशार मंडळींपैकी एकालाही तो बसतो कशावर, हे बघायचं सुचलं नव्हतं. तो साध्या फोमच्या उशीवर बसत होता. वर्क फ्रॉम होमचे नऊ-नऊ तास.

आपण खुर्चीत बसल्या बसल्या दर काही मिनिटांनी नकळत हलतो, कारण बूड दुखतं. दादाचं दुखत नाही. हाड आणि खुर्ची यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, रक्त पोहोचत नाही आणि आतल्या आत मांस मरायला लागतं. वर फक्त रुपयाएवढा लाल डाग दिसतो. मामीला तो दिसला तेव्हा आत खड्डा पडला होता. पुढचे अडीच महिने दादा पालथा झोपून होता. पालथं जेवण, पालथा लॅपटॉप, बिनपगारी रजा. मी भेटायला गेले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "पुढच्या वेळी काही आणायचं असेल तर मला आधी फोन कर."

जखम भरल्यावर हवेच्या कप्प्यांची उशी आली. सायकलच्या दहाव्या हिश्शाहून कमी किमतीत! अशी उशी वजन एका जागी साठू देत नाही, पसरवते. तरी उशीवर भिस्त ठेवून चालत नाही. मोबाइलवर अलार्म लावून दादा दर वीस मिनिटांनी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे किंवा पुढे गुडघ्यांवर झुकतो, मिनिट-दोन मिनिटं तसाच राहतो. कॉल चालू असला तरी. व्यायामाचं पहिलं उपकरण हेच, उशी आणि अलार्म.

हे शहाणपण नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धाआधी मज्जारज्जू तुटलेली माणसं बहुतेक जगतच नसत. ती मरत ती या जखमांनी आणि लघवीच्या इन्फेक्शननी. 1944 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल हॉस्पिटलात डॉ. लुडविग गुटमन यांनी एक नियम घातला: दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. जगलेल्या पेशंटना त्यांनी मग खेळायला लावलं. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी, हॉस्पिटलच्या हिरवळीवर सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. आजच्या पॅरालिम्पिकचं मूळ ते.

आणि आपल्या पुण्याचा याच्याशी जवळचा संबंध आहे. मूळचे सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. 'चंदू चॅम्पियन' हा 2024 चा सिनेमा त्यांच्यावरचाच. खडकीला जखमी जवानांसाठीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर 1974 पासून आहे. आपण त्या बाजूने शंभर वेळा गेलेलो असतो. मीही गेले होते. आत काय आहे हे दादाचा अपघात होईपर्यंत मला माहीत नव्हतं.

उभं राहायचं ते कशासाठी?

लोखंडी सांगाड्याला इंग्रजीत स्टँडिंग फ्रेम म्हणतात. दादाची फ्रेम एका फॅब्रिकेशनवाल्याने ताईंच्या मापाने बनवून दिलीय. मोटार नाही, स्क्रीन नाही, ब्लूटूथ तर नाहीच नाही.

पहिल्या दिवशी मात्र थेट उभं राहता येत नाही. महिनोन् महिने झोपलेल्या माणसाला एकदम उभं केलं तर रक्त पायात उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून आधी टिल्ट टेबल. पट्ट्यांनी बांधलेला पेशंट पलंगासकट थोडा थोडा वर उचलायचा, रक्तदाब बघत. दादाला सरळ व्हायला तीन आठवडे लागले.

फायदा काय? दिवसभर बसून कंबर, गुडघे, घोटे वाकलेल्या स्थितीत आखडतात, ते उभं राहिल्यावर ताणले जातात. बैठकीला अर्धा तास सुट्टी मिळते. पायांचे झटके कमी होतात. पोट साफ व्हायला मदत होते असं बऱ्याच जणांचा अनुभव सांगतो, दादाचाही. हाडांचं काय? पायांवर भार पडला नाही की पहिल्या एक-दोन वर्षांत हाडं झपाट्याने विरळ होतात. उभं राहून ती पहिल्यासारखी होतात, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. म्हणूनच अपघाताला बरीच वर्षं झाली असतील तर फ्रेममध्ये शिरण्याआधी हाडांची तपासणी हवी. नाहीतर उभं राहताना मांडीचं हाड मोडायचं आणि ज्याचं मोडलं त्याला ते कळायचंही नाही.

उभं राहायची हौस खुर्चीतही भागते. आयआयटी मद्रासने 2019 मध्ये 'अराइज' नावाची उभी होणारी व्हीलचेअर आणली. बसलेला माणूस स्वतःच्या हातांनी लिव्हर दाबून उभा राहतो. तिथूनच पुढे निघालेल्या कंपनीची 'निओबोल्ट' तर आणखी भारी. व्हीलचेअरच्या पुढे जोडायचं मोटारचं चाक, ताशी 25 किलोमीटरपर्यंत पळतं. दादाच्या विशलिस्टवर ते पहिल्या नंबरला आहे. व्यायामासाठी नाही हं. एकट्याने जाऊन मिसळ खाता यावी म्हणून.

करंटवाली सायकल

आमच्या सायकलची एक थोरली बहीण आहे. तिच्यात मांडीच्या पुढच्या, मागच्या आणि बैठकीच्या स्नायूंवर चिकटपट्ट्या लावतात आणि त्यांतून विजेचे बारीक ठोके देतात. ठोका बसला की स्नायू स्वतः आकसतो आणि पेडल ढकलतो. मेंदूचा निरोप पोहोचत नाही, म्हणून कॉम्प्युटर निरोप देतो. इथे काम खरोखर स्नायू करतो. नियमित केलं तर मांडी भरते, रक्ताभिसरण सुधारतं, दमही वाढतो. 'सुपरमॅन' ख्रिस्तोफर रीव्हने 1995 मध्ये घोड्यावरून पडल्यानंतर अशीच सायकल वर्षानुवर्षं चालवली.

पण हे सगळ्यांना चालत नाही, आणि विकणारे नेमकं हेच सांगायला विसरतात. मज्जारज्जूपासून स्नायूपर्यंतची नस शाबूत असेल तरच ठोका काम करतो. दादाची ती शाबूत आहे, तुटलंय ते वरचं. पोलिओमध्ये किंवा कंबरेच्या अगदी खालच्या मणक्याची दुखापत झाली तर बहुधा ती नसच गेलेली असते. तिथे लाखो रुपये ओतून उपयोग नाही. साधी चाचणी पुरते. फिजिओच्या छोट्या मशीनने ठोका देऊन मांडी आकसते का, ते बघायचं. पाच मिनिटांचं काम!

दादा आठवड्यातून दोनदा एका सेंटरवर जाऊन ही सायकल चालवतो. घरी घेतली नाही. "चिकटपट्ट्या लावायला अर्धा तास, काढायला पंधरा मिनिटं," तो म्हणतो. "घरी असती तर तिच्यावरही टॉवेल वाळले असते."

रोबो आणि मी

आता कबुली. 2023 मध्ये मी पुन्हा घोळ घातला.

एक्सोस्केलेटन तुम्ही व्हिडिओत पाहिलं असेल. पायांना बाहेरून बांधायचा रोबो. 2012 मध्ये इंग्लंडची क्लेअर लोमस असा सांगाडा घालून लंडन मॅरेथॉनला उतरली आणि शर्यत सुरू झाल्यानंतर सोळा दिवसांनी तिने अंतिम रेषा ओलांडली. 2014 च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या उद्घाटनाला साओ पावलोत एका पॅराप्लेजिक तरुणाने रोबोच्या मदतीने बॉलला किक मारली. मला राहवलं नाही. मी दादाला एका रात्रीत अकरा लिंक पाठवल्या. पण या वेळी फोनही केला. तो म्हणाला, "चल, बघू तरी."

एका सेंटरमध्ये ट्रायल मिळाली. आधी वजन, उंची, हाडांची घनता, सांधे किती वाकतात हे सगळं तपासलं. मग पट्टे, बेल्ट, हातात कुबड्या, मागे दोन माणसं. दादा चालला. मोजून बेचाळीस पावलं. मामी भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मी शूट करत होते आणि माझा हात थरथरत होता.

परतताना गाडीत सगळे गप्प. मग दादाच बोलला. "छान वाटलं. खोटं नाही सांगत, जाम छान वाटलं. पण आई, यात मला बाथरूमला जाता येत नाही, जिना चढता येत नाही, ऑफिसला जाता येत नाही. चाळीस पावलांसाठी दोन माणसं लागतात. किंमत आपल्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटएवढी. मला चालायचं नाहीये असं नाही. मला आधी बाहेर पडायचंय."

मामी काहीच बोलली नाही. घरी आल्यावर तिने सायकलवरचे टॉवेल काढले आणि बाल्कनीत नेऊन वाळत घातले.

एक गोष्ट मला नंतर वाचताना कळली. 'रीवॉक' या प्रसिद्ध एक्सोस्केलेटनचे जनक, इस्रायलचे अमित गोफर, स्वतः 1997 च्या अपघातात मानेपासून खाली लुळे झाले. रीवॉकसाठी हातांत कुबड्या धरता याव्या लागतात. त्यांचे हात तेवढे चालत नव्हते, त्यामुळे स्वतःचं मशीन त्यांनाच वापरता येत नव्हतं. मशीन वाईट म्हणून नव्हे. प्रत्येक मशीन एका ठरावीक शरीरासाठी असतं, म्हणून.

महाग म्हणजे जास्त गुणकारी, हाही भ्रमच. मज्जारज्जू पूर्ण न तुटलेल्या पेशंटवरचा एक मोठा प्रयोग 2006 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. एका गटाला छताला टांगलेल्या पट्ट्यात ट्रेडमिलवर चालवलं, दुसऱ्याला तेवढाच वेळ साध्या जमिनीवर, बारला धरून. शेवटी दोन्ही गट जवळपास सारखेच चालले. कामाला आला तो सराव.

जिमच्या तीन पायऱ्या

दादाच्या शरीरातले सगळ्यात महागडे पार्ट कोणते, माहितीये? खांदे. तेच आता त्याचे पाय. खुर्ची ढकलणं, पलंगावर जाणं, गाडीत बसणं, सगळं त्यांच्यावर. ते झिजले की संपलं.

म्हणून जिम. पहिली जिम पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुसरी तळमजल्यावर, पण दारात तीन पायऱ्या. "सर, आम्ही उचलून घेऊ ना," तिथला मुलगा उत्साहाने म्हणाला. रोज कुणीतरी उचलणार आणि रोज थँक यू म्हणायचं, ते दादाला नको होतं. तिसऱ्या जिमच्या मालकाने काहीही न बोलता आठवड्याभरात लाकडी रॅम्प करून घेतला. आता त्या रॅम्पवरून बाबागाड्याही येतात आणि गुडघे दुखणारे काकाही.

तिथे दादा बेंच प्रेसच्या वाटेला फारसा जात नाही. खुर्ची ढकलून छातीचे स्नायू आधीच थकलेले असतात. तो ओढायचे व्यायाम करतो, केबल रोइंग, लॅट पुलडाउन, रबर बँड. घरी टेबलावर ठेवायची हाताची सायकल आहे, ती दमासाठी. 2018 मध्ये आलेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, फिटनेससाठी आठवड्यातून दोनदा किमान वीस मिनिटं दम लागेल असा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा, प्रत्येक चालू स्नायूगटाचे तीन सेट. हृदय आणि शुगरसाठी तीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. म्हणजे फार नाही. तुम्ही-मी तेवढं करतो का, हा प्रश्न वेगळा.

चेकबुक काढण्याआधी

- ज्याच्यासाठी घेताय त्याला आधी विचारा. सरप्राइज केकपुरतं ठेवा.
- यादीत पहिलं नाव उशीचं. मग मापाची व्हीलचेअर. मग बाथरूमचं दार आणि रॅम्प. मशीनचा नंबर त्यानंतर.
- 'चालेल का?' असं विकणाऱ्याला विचारू नका. 'याने रोजचं कोणतं काम सोपं होईल?' असं फिजिओला विचारा.
- महिनाभर भाड्याने किंवा सेंटरवर वापरून बघा. लावायला-काढायला किती वेळ आणि किती माणसं लागतात, ते मोजा.
- छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर दुखापत असेल तर व्यायाम करताना किंवा करंट देताना रक्तदाब अचानक भडकू शकतो. डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, घाम सुटणं ही खूण. ताबडतोब थांबा, बसतं करा, लघवीची नळी अडकलीय का बघा आणि डॉक्टरांना गाठा.
- पट्टे, पॅड, बूट काढल्यावर कातडी रोज तपासा. आरसा वापरा. लाल डाग दिसला की त्या दिवशी सुट्टी.
- मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था 1955 पासून आहे. खासगी शोरूमआधी तिथला सल्ला घ्यायला हरकत नाही.

आणि मामी?

हा लेख लिहायला मी परवा सकाळी दादाकडे गेले. साडेनऊचा कॉल चालू होता. तो फ्रेममध्ये उभा, समोर लॅपटॉप, कुठल्याशा बगवरून कुणालातरी झापत होता. मामी चहा घेऊन आली.

"उद्या नवा रोबो आला तर?" मी तिला स्वयंपाकघरात विचारलं.

"आला तर बघू," ती म्हणाली. "मी देवाला सांगायचं सोडलेलं नाही. पण त्याला सांगायचं सोडलंय."

मग ती हॉलमध्ये गेली. खुर्चीत बसलेल्या लेकाशी बोलताना तिला खाली बघावं लागतं. या अर्ध्या तासात मात्र मान वर करावी लागते.

"चहा गार होतोय रे," ती वर बघून ओरडली.

"आई, म्यूट नाहीये!" दादा वरून म्हणाला.